खुर्ची एक, बसलेल्यासह

त्या शुक्रवारी संचिता तावडे जागेवरून उठली ती फक्त एक सही करायला.

सरकारी कचेरीत सही ही काही उठून जाऊन करायची गोष्ट नव्हे. ती बसल्या जागी करायची असते, आणि जमलं तर दुसऱ्याच्या जबाबदारीवर. पण बोलावणं जागृती राणेचं होतं. जागृती म्हणजे नऊ वर्षांची मैत्रीण. दोघींचा डबा एक, दोघींची छत्री एक, साहेबांना ठेवलेलं टोपणनावसुद्धा दोघींनी मिळून ठेवलेलं. त्या जागृतीची ठाण्याला बदली झाली होती आणि तिला संध्याकाळच्या आत चार्ज देऊन मोकळं व्हायचं होतं.

ही कचेरी कल्याणात, बाजाराच्या गजबजाटात, दुसऱ्या मजल्यावर. काम पाण्याच्या तक्रारी घेण्याचं. टिटवाळ्याला नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या जाहिरातीत तरणतलाव होता आणि नळाला पाणी नव्हतं. आंबिवलीला पाणी होतं, पण त्याला रंगही होता. ही सगळी माणसं ज्या एका टेबलाशी येऊन थडकत, ते तक्रार टेबल. येताना पुरावा म्हणून गढूळ पाण्याच्या बाटल्या आणत आणि टेबलावर ठेवून जात. कोणती बाटली कोणत्या सोसायटीची, हे दुसऱ्या दिवशी खुद्द सोसायटीलाही सांगता आलं नसतं. शिवाय प्रत्येक तक्रार अठ्ठेचाळीस तासांत निकाली काढायची, नाहीतर संगणकावर तिची ओळ लाल होई. ते टेबल सांभाळणाऱ्या माणसाला स्वप्नंही लालच पडत असावीत.

तेच टेबल जागृती सोडत होती.

टेबल सोडण्याची आपल्याकडे एक रीत आहे. सोडणाऱ्याने यादी करायची. रजिस्टरं इतकी, फाइली इतक्या, कपाटाची किल्ली एक, स्टेपलर एक. खाली डावीकडे ‘चार्ज दिला’, उजवीकडे ‘चार्ज घेतला’. या दोन सह्या झाल्याशिवाय माणसाची सुटका नाही. बदलीचा हुकूम हातात असला तरी नाही, सामान ट्रकमध्ये चढलं असलं तरी नाही.

“इथे कर,” जागृती म्हणाली. तिने यादीचं शेवटचं पान वर धरलं होतं, अर्धं घडी घालून.

संचिताची एक ख्याती होती. ती कागद वाचायची. औषधाच्या पुडीतला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा ती शेवटपर्यंत वाचत असे. साहेब तिच्याकडे फाइल पाठवताना एक सुस्कारा सोडत. सवयीने तिने पान उलगडायला हात पुढे केला.

“अगं, वाचतेस काय? आपल्या-आपल्यात?” जागृती हसली. “आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. नवीन मुलगी येतेय. मग तू जा की तुझ्या रेकॉर्ड रूममध्ये, बस शांत.”

“आठच ना गं? डॉक्टर ओरडतात मला.”

“आठ. जास्तीत जास्त दहा.”

संचिताला गेल्या एप्रिलमध्ये खिडकीवर लोकांशी बोलता बोलता भोवळ आली होती. डोंबिवलीचे तिचे डॉक्टर म्हणाले होते, “बाई, तुम्ही जागा बदला. नाहीतर मी नुसत्या गोळ्या बदलत राहीन, आणि एक दिवस बदलायला गोळ्या उरणार नाहीत.” तिने अर्ज केला. सहा महिन्यांनी रेकॉर्ड रूमचा हुकूम हातात आला. त्यात एकच ओळ खाली होती: सध्याच्या टेबलाचा चार्ज दिल्यानंतरच रुजू व्हावे. आणि आता सध्याचं टेबल म्हणजे हे.

तिने न वाचता सही केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

जागृतीने कागद झटकन ओढून घेतला, एक प्रत टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तिला मिठी मारली. मिठी जरा जास्त वेळ टिकली. संचिताला वाटलं, नऊ वर्षांची मैत्री आहे, टिकायचीच.

सोमवारी सकाळी ती तक्रार टेबलाशी आली तेव्हा दहाला पाच कमी होते. पंखे बंद होते, हॉलमध्ये झाडू मारल्याची ओली धूळ दरवळत होती. शिपाई धोंडिबा सोडला तर कोणी नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि लगेच उठली.

बैठक गरम होती.

आपण बसमध्ये दुसऱ्याच्या उठलेल्या जागेवर बसतो तेव्हा लागते, तशी ऊब. माणसाची.

“धोंडिबा, इथे कोण बसलं होतं?”

धोंडिबा जवळच्याच गावचा. त्याच्या वाडवडिलांनी खाडीकाठी मिठागरं राखली, आता त्याच जमिनीवर इमारती आहेत आणि त्याच्या नावावर त्यांतले तीन गाळे. तरी शिपायाची नोकरी त्याने सोडली नव्हती. घरी बसलं की सुना काम सांगतात म्हणे. त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि खुर्चीकडे न बघता म्हणाला, “कोन नाय, ताई. ऑक्टोबरचा उकाडा हाय.”

ती पुन्हा बसली. पूर्ण टेकता येईना. पाठीला काही लागत नव्हतं, पण मागे जागाच नसल्यासारखं वाटे. मग ती पुढच्या अर्ध्या भागावर बसून राहिली, आणि तेव्हा तिला आठवलं की जागृती गेले नऊ महिने अशीच बसत होती. ताठ, पुढे सरकून, जणू आताच उठायचंय. संचिता तिला चिडवायचीसुद्धा, “काय गं, योगासनं चालू केलीस का?”

दिवसभर बाटल्या आल्या, ओरडा आला, फोन आले. दुपारी चार वाजले. मग चार वाजून दहा मिनिटं झाली.

आधी वास आला. डोकेदुखीच्या पिवळ्या बामाचा, उग्र, कपाळाला चोळून चोळून घामात मिसळलेला. मग तिच्या मागून, अगदी कानाच्या उंचीवरून, कोणीतरी श्वास आत घेतला.

“एक...”

श्वास बाहेर गेला.

“दोन...”

तिने मागे पाहिलं. भिंत होती. भिंतीवर ‘हसतमुख कर्मचारी, समाधानी नागरिक’ असं पोस्टर होतं.

“तीन... चार...” कष्टाने, आज्ञाधारकपणे, शाळेतल्या मुलाने पाढे म्हणावेत तसं. आकडे वाढत गेले. अकरापर्यंत. अकराच्या पुढे एक श्वास आत घेतला गेला, आणि तो बाहेर आलाच नाही.

संचिताच्या हाताखाली टिटवाळ्याची एक फाइल होती. घाबरून ती उठायला गेली आणि सवयीने फाइल उचलू लागली. फाइल येईना. दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरली होती. जोर फार नव्हता, पण सोडतही नव्हतं.

तिने फाइल सोडून दिली आणि जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघून स्वतःला सांगितलं, की बीपी. असल्या वेळी बीपीचा फार आधार वाटतो.

तो आवाज कोणाचा, हे तिला न कळायला ती काही खुळी नव्हती.

गेल्या वर्षी याच टेबलावर महिपत घुले होते. एकोणपन्नास वर्षांचे, नगरकडचे, अबोल. अक्षर इतकं सुबक की अनुस्वाराचा ठिपकासुद्धा टेकवत नसत, छोटं पोकळ वर्तुळ काढत. टेबल बदलून मिळावं म्हणून त्यांनी तीन अर्ज केले. तिन्हींवर साहेबांनी लिहिलं, ‘पाहिले’. वर्षभर कपाळाला बाम चोळून त्यांनी लाल ओळींशी सामना केला. मग वरून आदेश आला की कर्मचाऱ्यांवरचा ताण कमी करावा. टेबलं कमी करणं, माणसं वाढवणं असे अघोरी उपाय कोणाला सुचले नाहीत. एका दुपारी चारला एक व्याख्याते बोलावले. त्यांनी सगळ्यांना आपापल्या टेबलावर डोकं टेकवून डोळे मिटायला सांगितलं आणि माईकवरून वीस श्वास मोजले. साहेब केबिनमध्येच राहिले, कारण ताण हा वर्ग तीनपासून सुरू होतो.

वीस झाले, सगळ्यांनी डोकी वर केली. घुल्यांनी केली नाही. व्याख्याते कौतुकाने म्हणाले, “बघा, याला म्हणतात खरं सैल होणं. झोपू द्या त्यांना.” साडेपाचला धोंडिबा खिडक्या लावायला आला तेव्हा ते गार पडले होते.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. एक गोष्ट संचिताला एकटीला माहीत होती, आणि ती तिने वर्षभर जिभेवर येऊ दिली नव्हती. श्वास मोजणं चालू असताना साहेबांना घुल्यांच्या टेबलावरची एक फाइल हवी होती. ती फाइल संचिताने जाऊन आणली. घुल्यांच्या हाताखाली होती, आणि त्यांची बोटं ती सोडत नव्हती. तिला वाटलं, झोपेत आहेत. तिने हिसडा देऊन ओढली. तेव्हा माईकवरून आवाज आला होता, “अकरा.”

एकवीस दिवस गेले. नवीन मुलगी आली नाही. रोज चार वाजून दहा मिनिटांनी बाम, रोज अकरा. संचिताच्या बीपीचा वरचा आकडा एकशे ऐंशीला पोचला. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही बोलले नाहीत, तेव्हा ती खरी घाबरली. जागृतीला तिने सहा वेळा फोन केला. सहाही वेळा मीटिंग.

बाविसाव्या दिवशी धोंडिबा चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाला, “ताई... ती यादी वाचली काय तुमी?”

“कसली यादी?”

“चार्जाची. मना नका इचारू. पन वाचा.”

तिने ड्रॉवरमधून प्रत काढली. जागृतीचं गोलसर, घाईचं अक्षर. एक, आवक रजिस्टर. दोन, तक्रार रजिस्टर. कपाट, किल्ली, पंच, स्टेपलर. अठरा, संगणक संच. पान उलटून शेवटची ओळ, जी त्या दिवशी घडीच्या आत होती.

‘१९. खुर्ची एक, बसलेल्यासह.’

त्याखाली उजवीकडे ‘चार्ज घेतला’. आणि तिची स्वतःची, सुवाच्य, पूर्ण सही.

संचिताने ती ओळ तीनदा वाचली. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते वेगळंच होतं. आपल्याच डब्यातल्या घासात खडा लागावा तसं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती ठाण्याला गेली आणि जागृतीच्या कचेरीच्या दाराशीच उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत दोघी तलावपाळीला आल्या. पाण्यावर ऊन तळपत होतं, बोटवाले गिऱ्हाइकाची वाट बघत पेंगत होते. जागृती बाकावर बसली. पुढे सरकून, अर्ध्यावर. संचिताने ते पाहिलं.

“वाचलीस?” जागृतीने विचारलं. कशी आहेस नाही, बीपी कसं आहे नाही.

“वाचली. बावीस दिवसांनी.”

“मला वाटलेलं, तू तिथल्या तिथेच वाचशील. तू सगळ्यांचे कागद वाचतेस गं.”

“तुझा नाही वाचला.”

“का?”

“तुझा होता म्हणून.”

जागृती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सांगून दिला असता तर घेतला असतास?”

“नाही.”

“मग?”

नऊ वर्षांत जागृतीने संचिताकडून इतकं खरं उत्तर कधी मागितलं नव्हतं.

“मला कोणी दिला होता?” जागृतीच सांगू लागली. “भाऊ गेले, दोन महिन्यांनी साहेबांनी मला बसवलं. ड्रॉवर उघडला तर यादी तयार. घुलेभाऊंच्या अक्षरात, ती पोकळ टिंबं... डावीकडे सही केलेली. मला वाटलं, बदलीच्या आशेने आधीच करून ठेवली असेल बिचाऱ्यांनी. शेवटी हेच लिहिलेलं. मी हसले गं. हसले आणि सही ठोकली. नऊ महिने, संचिता. रोज. आणि अकराला थांबतात. अकरालाच का, ते मला कधी कळलं नाही.”

“अकराला मी फाइल ओढली,” संचिता म्हणाली. “त्यांच्या हातातून. तूच म्हणालीस, ‘भाऊ झोपलेत, हळूच काढून आण.’”

एक बोट काठाला लागली आणि रिकामीच परत गेली.

“झोपले नव्हते,” जागृती म्हणाली. “साहेबांनी आधी मलाच पाठवलेलं. मी गेले तेव्हा सात की आठ चालू होतं. भाऊ घामाने निथळत होते. डोळे उघडे. मला म्हणाले... ‘ताई, पाणी.’ सगळे डोळे मिटून बसलेले, तो माईकवर मोजतोय, मी उठून धावाधाव केली असती तर तमाशा झाला असता. मी म्हटलं, ‘एवढं संपलं की देते हां, भाऊ.’”

“आणि मला पाठवलंस.”

“तू बघशील म्हणून! तू बघतेस ना सगळं. मला वाटलं, तू बघशील आणि ओरडशील, आणि मग ते माझ्यावर राहणार नाही.”

टेबलावर त्या दिवशी पाण्याच्या चौदा बाटल्या होत्या. संचिताला त्या आठवल्या. रांगेने मांडलेल्या, गढूळ.

“दोन्ही वेळा तू मला पुढे ढकललंस,” ती म्हणाली. “आणि दोन्ही वेळा मी डोळे मिटून गेले. तू होतीस म्हणून.”

ती उठली. जागृतीने हात धरला नाही. डब्यात दोघींपुरतं वालाचं बिरडं होतं, ते तसंच पिशवीत राहिलं.

नवीन मुलगी सोमवारी उगवली. नाव करिश्मा, वय बावीस, केसांत क्लिप, पहिल्या पगाराचे बेत आधीच ठरलेले. साहेब केबिनमधून डोकावून म्हणाले, “तावडेबाई, आजच चार्ज देऊन टाका. उद्यापासून तुम्ही रेकॉर्ड रूम.”

संचिताने यादी लिहायला घेतली. अठरापर्यंत हात भराभर चालला. एकोणिसावर पेन थांबलं. शेजारी करिश्मा पाय हलवत उभी होती.

“ताई, कुठे सही करू?”

“वाच आधी.”

“तुम्ही लिहिलंय ना? मग काय टेन्शन!”

मुलीने पेन उघडलंसुद्धा. डॉक्टरांचा चेहरा, वरचा आकडा, रेकॉर्ड रूमची शांत खिडकी, सगळं एका सहीच्या अंतरावर होतं. फक्त ‘खुर्ची एक’ एवढं लिहायचं. खोटंही नव्हतं.

तिने करिश्माच्या हाताखालून कागद काढून घेतला. “उद्या कर सही. आज यादी अपुरी आहे. आणि एक सांगते, कोणाचाही कागद न वाचता सही करायची नाही. माझासुद्धा.”

“एवढं काय त्यात, ताई?” करिश्मा जरा दुखावूनच गेली.

चारला पाच कमी असताना संचिताने टेबलावरच्या सगळ्या बाटल्या उचलून खिडकीत ठेवल्या. घरून आणलेलं पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात ओतलं. पेला टेबलावर ठेवला आणि ती खुर्चीत न बसता समोरच्या, तक्रारदारांच्या स्टुलावर बसली. हॉलमध्ये माणसं होती, संगणक टकटकत होते, कोणीतरी मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होतं. खुर्ची तिच्यासमोर रिकामी होती. बैठकीवरचं रेक्झिन मधोमध दबलेलं होतं.

चार वाजून दहा मिनिटं झाली. वास आला.

“एक...”

ती हलली नाही. अकरा झाले. श्वास आत गेला आणि अडकला.

“भाऊ,” संचिता म्हणाली, “पाणी घ्या. मी बघायला हवं होतं. नाही बघितलं.”

हॉलमधलं कोणीही वळून पाहिलं नाही. पेल्यातल्या पाण्यावर एक बारीक वलय उठलं आणि विरलं. मग, कितीतरी वेळाने, तो अडकलेला श्वास बाहेर आला. लांब, सैल.

“बारा...”

संचिता रडत होती आणि ते तिला कळत नव्हतं. तेरा, चौदा. आवाजातला कष्ट कमी होत गेला. विसाला तो जवळजवळ समाधानी वाटला. मग वास गेला. दबलेलं रेक्झिन हळूहळू, भाकरी फुगावी तसं, वर आलं.

तिने बैठकीवर तळवा ठेवला. गार होती.

दुसऱ्या दिवशी तिने यादीत लिहिलं, ‘१९. खुर्ची एक.’ करिश्माकडून पूर्ण यादी मोठ्याने वाचून घेतली आणि मगच सही घेतली. करिश्मा मागे टेकून ऐसपैस बसली, एक गिरकी मारली आणि म्हणाली, “ताई, खुर्ची मस्त आहे!”

रेकॉर्ड रूम तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. जुने कागद, वाळवीचं औषध, एक खिडकी. कोणी येत नसे. संचिताचा आकडा आठवड्यात एकशे चाळीसवर आला. ती एकटी जेवायची. डब्यात अजून हात जायचा तो दोघींपुरतं काढायलाच.

नवव्या दिवशी दुपारी तिचा मोबाइल वाजला. जागृती. संचिताने तो वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

“संचिता...” आवाज खोल होता, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा. “इथे कोणीतरी मोजतंय.”

संचिताने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

“अकरापर्यंत?”

“नाही... एकवीसपासून. तू पाणी ठेवलंस, धोंडिबाने सांगितलं मला, त्या दिवसापासून. आधी वाटलं, थांबेल कुठेतरी. थांबत नाही गं. रोज पुढे जातंय.”

“पाणी ठेव समोर.”

“ठेवलंय. रोज ठेवते. हात लावत नाहीत... माझ्या हातचं नको असेल.” मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. “तू ये ना. तुझं घेतात ते. संचिता, मला उठता येत नाहीये खुर्चीवरून.”

राग होता. नऊ वर्षांचा गोडवा नासून झालेला, आंबूस राग. ‘एवढं काम संपलं की येते,’ हे शब्द अगदी तयार होऊन संचिताच्या ओठांवर आले. ते कोणाचे शब्द आहेत हे तिला कळलं, आणि तिने ते गिळले.

“निघते,” ती म्हणाली. “फोन बंद करू नकोस.”

मोबाइल तसाच चालू टेबलावर ठेवून ती पर्स आणि पाण्याची बाटली शोधायला लागली. दारात धोंडिबा उभा होता. हातात लिफाफा.

“ताई, ठाण्याचा टपाल हाय. हातोहात आलाय. पोच मागतान.”

तिने उभ्याउभ्या लिफाफा फाडला. आत एकच कागद. चार्जाची यादी. एकच बाब.

‘१. खुर्ची एक, बसलेल्या बाईंसह.’

अक्षर सुबक होतं. ‘बाईंसह’वरचा अनुस्वार टेकवलेला नव्हता, छोटं पोकळ वर्तुळ होतं. डावीकडे ‘चार्ज दिला’, आणि त्याखाली सही, म. घुले. उजवीकडे ‘चार्ज घेतला’, आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव लिहून सहीपुरती जागा सोडलेली. तारीख कालची होती.

संचिताने या वेळी कागद पूर्ण वाचला. मागची बाजूसुद्धा. ती कोरी होती.

टेबलावरच्या मोबाइलमधून मोजण्याचा आवाज येत होता. इतका वेळ तिला वाटलं होतं, तो जागृतीच्या मागून कुठून तरी येतोय. आता ती वाकून ऐकायला लागली. आवाज बाईचा होता. दमलेला, आज्ञाधारक.

“एकशे बारा...”

“जागृती?” ती म्हणाली. “जागृती, बोल ना गं...”

“एकशे तेरा...”

“सही द्या, ताई,” धोंडिबा दारातून म्हणाला. “तो मानूस कवाधरना थांबलाय जिन्यात.”

“कोण माणूस?”

“तोंड नाय दिसला नीट, अंधार हाय तिथं. बामाचा वास मारतंय नुसता.” धोंडिबाने उपरण्याने मान पुसली. “पानी देऊ काय, इचारला मी. तं बोलला, ‘नको, ताईंनी दिलंय.’”